ॲग्रीच्या पोरापोरींसाठी स्टॅट: खुंट्या ठोकण्यापासून सीडी काढेपर्यंत

स्टॅटिस्टिक्समधल्या डिझाईन ऑफ एक्सपेरिमेंट्सचा (प्रयोगांची मांडणी) पेपर जवळ आला की हॉस्टेलवर दरवर्षी तेच सुरू होते, मागचे पेपर जमा करा, फॉर्म्युले एका कागदावर उतरवून घ्या, आरबीडीचं (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाईन, पट्टे पाडून केलेली मांडणी) टेबल पाठ करा, अन् लॅटिन स्क्वेअर ही दुसरी मांडणी येणार की नाही याच्यावर रात्री बारापर्यंत चर्चा. पास होता येते असं, कोणी नाही म्हणत नाही. पण मग एमएस्सीला स्वतःची ट्रायल टाकायची वेळ येते, गाईड विचारतात ब्लॉक कोणत्या दिशेनं घेशील, अन् पोरगं गप्प. म्हणून हे जरा लांबलचक लिहून राहिलो, खास करून विदर्भातल्या खेड्यांतून ॲग्रीला आलेल्यांसाठी, मग ते अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात असोत की तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा विषय वावरापासून सुरू करा. अनोव्हा टेबलमधे (एकूण चढउतार कोणत्या कारणामुळे किती, ते वाटून दाखवणारा तक्ता) जेवढ्या ओळी असतात त्या सगळ्या पेरणीच्या आधीच ठरलेल्या असतात, कॅल्क्युलेटर नंतर फक्त त्यांच्यात आकडे भरते. ज्याला लेआऊट समजला त्याला टेबल पाठ करायची गरज पडत नाही. अन् यात गावाकडच्या पोरांचा फायदा आहे, कारण वावर सगळीकडे सारखं नसते ही गोष्ट आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही.

आधी वावर पाहा

सुट्टीत घरी गेले की वही-पेन घेऊन आपल्या वावरात वरच्या धुऱ्यापासून खाली नाल्यापर्यंत सरळ चालत जा. वर बहुतेक ठिकाणी बरड, मुरूम उघडा पडलेला, खाली येता येता माती काळी अन् खोल होत जाते, नाल्याजवळ पावसाळ्यात पाणी साचते, एका धुऱ्यावर कडूनिंब असला तर त्याच्या सावलीतली दोन-चार तासं (पिकाच्या ओळी) दरवर्षी खुरटी. हे सगळं एका साध्या नकाशात मांडा. मग बाबांना विचारा कुठं किती पिकते. ते लगेच सांगतील, "वरतं काई होत नाई, खाल्लाकडं पोते जास्त पडते." झालं, सर वर्गात ज्याला फर्टिलिटी ग्रेडियंट म्हणतात तो हाच, अन् तो तुमच्या बाबांना तोंडपाठ आहे.

आता समजा याच वावरात सोयाबीनला चार प्रकारे खत देऊन पाहायचं आहे. एक खत बरडावर दिलं अन् दुसरं नाल्याकडच्या भारी जमिनीत, तर शेवटी जो फरक दिसेल तो खताचा की मातीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून उताराला आडवे चार पट्टे पाडायचे, पहिला पट्टा पूर्ण बरडावर, शेवटचा पूर्ण भारी जमिनीत, अन् प्रत्येक पट्ट्यात चारही ट्रीटमेंट, म्हणजे खत द्यायचे चारही प्रकार, एकेकदा. हा पट्टा म्हणजे ब्लॉक, आपल्याकडे बोलताना त्यालाच रिप्लिकेशन म्हणतात. ब्लॉकच्या आत माती जेवढी सारखी तेवढं चांगलं, अन् दोन ब्लॉकमधे कितीही फरक असला तरी चालते, उलट तो फरक वेगळा काढून टाकता यावा म्हणून तर ब्लॉक पाडायचे. परीक्षेत अर्धी पोरं नेमकं याच्या उलट लिहितात, सगळे ब्लॉक सारखे असले पाहिजेत म्हणून, अन् मग उताराच्या दिशेनं उभे ब्लॉक काढून दाखवतात, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमधे थोडं बरड थोडं भारी. असा ब्लॉक पाडला काय अन् न पाडला काय, सारखंच.

वावर नवीन असेल, विचारायला कोणी नसेल, तर आधीचं पीक उभं असताना एक चक्कर मारा. पऱ्हाटी (कपाशी) कुठं कमरेएवढी अन् कुठं गुडघ्याएवढी आहे ते पाहिलं तरी ब्लॉकची दिशा कळते.

ही सगळी विचाराची पद्धत शेतीच्या वावरातूनच निघाली हे माहीत असू द्या. इंग्लंडमधे रॉथमस्टेडला १८४३ पासून खतांचे प्रयोग सुरू होते, तिथं १९१९ मधे रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती कामाला लागला, समोर कित्येक वर्षांचे आकडे पडलेले अन् त्यातून ठाम काही सांगता येत नव्हतं. अनोव्हा, रँडमायझेशन, ब्लॉक, हे सगळं त्यानं तिथं बसून उभं केलं अन् १९३५ मधे प्रयोगांच्या मांडणीवर वेगळं पुस्तकच लिहिलं. आज औषध कंपन्या नवीन गोळ्या तपासताना जे रँडमायझेशन करतात त्याचं मूळ असं खतामातीत आहे.

चिठ्ठ्या टाकायच्याच

प्रत्येक ब्लॉकमधे कोणती ट्रीटमेंट कोणत्या प्लॉटला हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, अन् प्रत्येक ब्लॉकसाठी चिठ्ठ्या परत नव्यानं टाकायच्या. एकदाच टाकून तोच क्रम चारही ब्लॉकला लावला तर एका ट्रीटमेंटचे सगळे प्लॉट एका ओळीत येतात, अन् ती ओळ नेमकी कडूनिंबाच्या बाजूची निघाली तर ती ट्रीटमेंट विनाकारण मार खाते. "मी नीट विचार करून वाटले सर" हे उत्तर चालत नाही, कारण विचार करणारा माणूस नकळत आपल्या आवडत्या ट्रीटमेंटला बरा तुकडा देतो. शिवाय एफ टेस्ट, टी टेस्ट यांचा सगळा हिशोब रँडम वाटणीवर उभा आहे, तीच केली नाही तर टेबलमधल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

रँडम म्हणजे काय हे गावातल्या लोकांना आपण समजतो त्यापेक्षा चांगलं माहीत असते. पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा प्लॉट कुठं टाकायचा हे रँडम नंबरवरून ठरते, तलाठी किंवा कृषी सहायकाला आवडला तो तुकडा घेता येत नाही, अन् तसं कोणी करताना दिसलं तर गावात बोंबाबोंब होते. या पीक कापणीची पद्धत आपल्या देशात बसवण्यात दोन मराठी नावं मोठी आहेत, पांडुरंग वासुदेव सुखात्मे अन् विनायक गोविंद पानसे. शेतीच्या संशोधनाला लागणाऱ्या स्टॅटवर दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक १९५४ मधे आलं, ते अजूनही ॲग्री कॉलेजच्या लायब्ररीत सापडते, इंग्रजी आहे पण उदाहरणं आपल्या पिकांची आहेत म्हणून वाचायला जड जात नाही.

हॉस्टेलवर एका संध्याकाळी फिशरचा चहाचा प्रयोग करून पाहा, अर्धा पेपर तिथं समजतो. एक बाई म्हणाल्या की कपात दूध आधी टाकलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळते. फिशरनं आठ कप मांडले, चार असे चार तसे, क्रम रँडम, अन् बाईंनी फक्त कोणते चार दूध आधीचे ते ओळखायचं. आठातून चार निवडायचे ७० प्रकार होतात, म्हणजे काहीच न कळता नुसत्या अंदाजानं चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मधे १, दीड टक्क्याहून कमी. पी व्हॅल्यू म्हणजे एवढंच, काहीच फरक नसताना निव्वळ योगायोगानं इतका किंवा याहून जास्त फरक दिसण्याची शक्यता. आता विचार करा चारच कप असते, दोन-दोन, तर? ६ मधे १. म्हणजे बाई खरंच हुशार असल्या तरी आपल्याला ते सिद्ध करता आलं नसतं. रिप्लिकेशन कशाला वाढवायचे याचं उत्तर इथंच मिळून गेलं.

खुंट्या, सुतळी अन् टेप

हा भाग प्रॅक्टिकलला एक तासात उरकून टाकतात, पण खरं शिक्षण इथं आहे म्हणून जमलं तर घरच्या वावरात पाच-सहा गुंठ्यांत एक छोटी ट्रायल टाकाच.

सोयाबीन ४५ सेंटीमीटरवर पेरलं तर दहा तासांचा प्लॉट साडेचार मीटर रुंद होते, लांबी सहा मीटर घ्या. हा झाला ग्रॉस प्लॉट. काठावरच्या तासांना उजेड जास्त मिळते, शेजारच्या प्लॉटचं खतही त्यांच्या मुळांना लागते, म्हणून दोन्ही बाजूचं एकेक तास अन् दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा मीटर सोडून द्यायचा, उरला तो नेट प्लॉट, ३.६ गुणिले ५ म्हणजे १८ चौरस मीटर. उत्पन्न फक्त याचं मोजायचं. काटकोन धरायला काही यंत्र लागत नाही, सुतळीला आधी ३, मग ४, मग ५ मीटरच्या अंतरानं गाठी मारा, त्रिकोण ताणला की कोपरा बरोबर येते.

सोंगणीच्या वेळी आधी बॉर्डर सोंगून प्लॉटबाहेर काढून टाका अन् मगच नेट प्लॉटला विळा लावा, नाहीतर मजूर एका दमात सगळं सोंगून ढीग लावतात अन् वर्षाचं काम गेलं. प्रत्येक प्लॉटचं वेगळं पोतं, पोत्याच्या आत एक अन् बाहेर एक असं लेबल, अन् लेबल पेन्सिलनं लिहा कारण ऑक्टोबरचा पाऊस आला की पेनाची शाई पसरते. वजन सगळ्या प्लॉटचं दाणे सारखे वाळल्यावर, एकाच काट्यावर. फील्ड बुकमधे आकडा खोडायचा असेल तर एक रेघ मारून बाजूला नवा लिहा, गिरवू नका.

एकदा तरी हातानं

सॉफ्टवेअरच्या आधी एक पूर्ण अनोव्हा हातानं सोडवा, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर सुद्धा होते. आकडे समजावण्यासाठी मी बनवलेले आहेत, सोपे पडावेत म्हणून, उत्पन्न किलो प्रति नेट प्लॉट. पहिली ट्रीटमेंट काहीच नाही, दुसरी शेणखत, तिसरी रासायनिक खत, चौथी दोन्ही. डावीकडून उजवीकडे चार ब्लॉक, बरडापासून नाल्यापर्यंत.

टी-१: २.२, २.१, २.५, २.४ (बेरीज ९.२)
टी-२: २.२, २.७, २.६, २.९ (बेरीज १०.४)
टी-३: २.३, २.७, ३.१, ३.१ (बेरीज ११.२)
टी-४: २.९, २.९, ३.४, ३.२ (बेरीज १२.४)

ब्लॉकच्या उभ्या बेरजा ९.६, १०.४, ११.६, ११.६ अन् एकूण ४३.२. कागदावर हे मांडलं की आकडेमोडीच्या आधीच डोळ्याला दिसते, खाली नाल्याकडे उत्पन्न वाढून राहिलं, बाबा म्हणत होते तसंच.

करेक्शन फॅक्टर म्हणजे एकूण बेरजेचा वर्ग भागिले सोळा, ११६.६४. सोळाही आकड्यांचे वर्ग करून बेरीज ११८.९८, त्यातून करेक्शन फॅक्टर वजा केला की २.३४, हा टोटल सम ऑफ स्क्वेअर्स, म्हणजे वावरात जेवढा काही चढउतार झाला तो सगळा. आता याची वाटणी करायची. ट्रीटमेंटच्या बेरजांचे वर्ग भागिले चार, त्यातून करेक्शन फॅक्टर वजा, १.३६. ब्लॉकच्या बेरजांचं तसंच, ०.७२. उरले ०.२६, ज्याचं कारण ना खतात सापडते ना ब्लॉकमधे, तो एरर. एरर म्हणजे चूक असं समजू नका, एकाच ब्लॉकमधे एकच गोष्ट केली तरी दोन प्लॉट थोडे वेगळे येतातच, त्याचं हे माप आहे.

डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणानं बदलू शकणारे आकडे, सोळा आकड्यांतून एक वजा) एकूण १५, ट्रीटमेंटचे ३, ब्लॉकचे ३, एररचे ९. सम ऑफ स्क्वेअर्सला त्याच्या डिग्रीनं भागलं की मीन स्क्वेअर, ट्रीटमेंटचा ०.४५३, एररचा ०.०२८९, भागाकार १५.७, हा एफ. पुस्तकामागच्या एफच्या टेबलमधे ३ अन् ९ ला पाच टक्क्यांवर ३.८६ आहे, आपला कितीतरी मोठा, म्हणजे चारही ट्रीटमेंट सारख्याच असं म्हणता येत नाही. पण कोणतं कोणापेक्षा वेगळं हे एफ सांगत नाही, त्यासाठी सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स, दोन सरासऱ्यांत याहून जास्त फरक असला तरच तो खरा धरायचा. एररचा मीन स्क्वेअर दुप्पट करा, चार रिप्लिकेशननं भागा, वर्गमूळ घ्या, ०.१२ आलं, त्याला ९ डिग्रीच्या टी व्हॅल्यूनं म्हणजे २.२६२ नं गुणा, ०.२७ किलो. सरासऱ्या आहेत २.३, २.६, २.८, ३.१. शेणखत अन् काहीच नाही यात ०.३ चा फरक, सीडीपेक्षा जास्त, म्हणून खरा धरायचा. शेणखत अन् रासायनिक यात ०.२, सीडीपेक्षा कमी, म्हणजे दोघं ॲट पार, वेगळे म्हणता येत नाहीत. दोन्ही खतं मिळून दिली ती चौथी सगळ्यांच्या वर.

आता खरी मजा पाहा. हेच सोळा आकडे ब्लॉक नाहीतच असं समजून सीआरडीनं (कम्प्लीटली रँडमाइज्ड डिझाईन, बिनाब्लॉकची मांडणी) सोडवले तर ब्लॉकचे ०.७२ एररमधे जाऊन पडतात, एरर होते ०.९८, डिग्री १२, अन् सीडी जाते ०.४४ वर. मग शेणखताचा ०.३ चा फरक दिसतच नाही, चौथी अन् तिसरी पण ॲट पार होऊन जातात. तेच वावर, तेच खत, तीच मेहनत, फक्त पट्टे उताराला आडवे पाडले की नाही यावर निकाल बदलला. हे एकदा स्वतःच्या हातानं काढून पाहिलं की ब्लॉकिंग परत कधी विसरत नाही.

एक सांगून ठेवतो, आपल्याकडे एररचे डिग्री ऑफ फ्रीडम निदान १२ असावेत असं धरून चालतात. इथं ९ च आहेत कारण उदाहरण छोटं ठेवायचं होतं, खऱ्या ट्रायलला चार ट्रीटमेंट असतील तर पाच रिप्लिकेशन घ्या. सीव्ही (एररच्या मीन स्क्वेअरचं वर्गमूळ एकूण सरासरीच्या किती टक्के) इथं ६.३ टक्के येते, खऱ्या वावरात यापेक्षा जास्तच येते, घाबरायचं नाही, पण सीव्ही अंगावर आला म्हणून एखादा प्लॉट गुपचूप काढून टाकायचाही नाही.

सॉफ्टवेअर कुठं फसवते

पैसे भरून काही घ्यायची गरज नाही. हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ऑपस्टॅट ब्राउझरमधे फुकट चालते, आकडे पेस्ट केले की टेबल हातात, लॅपटॉप नसला तर मोबाईलवरही जमते. आर नावाचं स्टॅटचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, शिकायला वेळ लागते पण पुढं पीएचडी करायची असेल तर आजच हात घाला. एक्सेलमधे डेटा ॲनालिसिस टूलपॅक चालू करून घेता येते, तिथं आरबीडीसाठी "टू फॅक्टर विदाऊट रेप्लिकेशन" निवडायचं, नाव वाचून पोरं गोंधळतात की आमच्यात तर चार रिप्लिकेशन आहेत, पण एक्सेलच्या हिशोबानं ब्लॉक हा दुसरा फॅक्टर अन् प्रत्येक खान्यात एकच आकडा, म्हणून ते नाव.

आरमधे सगळ्यात जास्त फसगत एका ठिकाणी होते. ट्रीटमेंटला १, २, ३, ४ असे नंबर दिले तर आर त्यांना खरोखरचे आकडे समजते अन् सरळ रेघ बसवून मोकळं होते, टेबल येते, पी व्हॅल्यू येते, सगळं बरोबर वाटते. म्हणून टेबल आलं की आधी पी व्हॅल्यूकडे पाहू नका, डिग्री ऑफ फ्रीडम पाहा. ट्रीटमेंटसमोर ३ च्या जागी १ दिसला की समजा कॉलम फॅक्टर करायचा राहिला. हातानं टेबल सोडवलेल्याला हे लगेच दिसते, न सोडवलेला तोच निकाल थिसिसमधे छापून मोकळा होतो.

दहा झाडं म्हणजे दहा रिप्लिकेशन नाहीत

यावर जरा थांबतो कारण चांगले चांगले लोक इथं घसरतात. प्रत्येक प्लॉटमधून पाच झाडं घेऊन उंची मोजली, चार ब्लॉक, म्हणजे एका ट्रीटमेंटचे वीस आकडे झाले, अन् मग वीसच्या हिशोबानं अनोव्हा लावला. डिग्री ऑफ फ्रीडम भरपूर, सगळं सिग्निफिकंट, पोरगं खूश. पण खत झाडाला दिलं नव्हतं, प्लॉटला दिलं होतं. त्या पाच झाडांची माती एक, पाणी एक, खत पसरणारा हात एक, ती पाच झाडं मिळून त्या प्लॉटबद्दल एकच गोष्ट सांगतात. म्हणून पाचांची सरासरी काढायची अन् तो एक आकडा धरायचा. नेहमी स्वतःला विचारा, चिठ्ठी कशासाठी टाकली होती? ज्याच्यासाठी टाकली तेच एक युनिट.

संत्र्याच्या बागेत हा प्रश्न वेगळ्या रूपात येते. वरूड-मोर्शीकडे ट्रायल असली तर एक-दोन झाडांचाच प्लॉट करतात, मग एका झाडावरच्या चार फांद्या म्हणजे चार रिप्लिकेशन असं वाटायला लागते. ट्रीटमेंट झाडाच्या बुडाशी आळ्यात दिली असेल तर झाड हेच युनिट, फांद्या कितीही मोजा. अन् बागेत ब्लॉक मातीवरूनच पाडावे असं नाही, झाडाचं वय, खोडाचा घेर, मागच्या आंबिया बहाराचं उत्पन्न यावरून सारखी झाडं एका ब्लॉकमधे टाकली तर जास्त चांगलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. रोही (नीलगाय) किंवा रानडुकरानं एक प्लॉट खाल्ला तर तिथं शून्य लिहू नका, शून्य म्हणजे त्या ट्रीटमेंटनं काहीच पिकलं नाही असा अर्थ होते. तो आकडा मिसिंग आहे, येट्सचा फॉर्म्युला वापरून भरा अन् एररचा एक डिग्री ऑफ फ्रीडम कमी करा, किंवा आरमधे रिकामा ठेवून द्या. मात्र ट्रीटमेंटमुळेच झाडं मेली असतील, तणनाशकाचा डोस जास्त झाला वगैरे, तर ते शून्य खरं आहे, ते ठेवायचंच. किडींची मोजणी, जसे बोंडातल्या गुलाबी अळ्या, असली तर बरेचदा वर्गमुळात बदलून सोडवतात, टक्केवारी शून्याच्या किंवा शंभराच्या जवळ जात असेल तर अँग्युलर, म्हणजे कोनात बदलून, अन् सगळी टक्केवारी ३० ते ७० च्या आत असेल तर सहसा तसंच चालते. ट्रीटमेंट खूप असतील तर नुसत्या सीडीवर विसंबू नका, दहा ट्रीटमेंटच्या ४५ जोड्या होतात, पाच टक्क्यांच्या हिशोबानं खरा फरक काहीच नसला तरी त्यातल्या दोनेक जोड्या वेगळ्या दिसू शकतात, तिथं ट्युकीची टेस्ट बरी, किंवा कोणत्या जोड्या पाहायच्या ते आधीच लिहून ठेवलेलं बरं. स्प्लिट प्लॉटला सगळे घाबरतात पण कारण साधं आहे, ट्रॅक्टरची नांगरट किंवा पाण्याची पाळी छोट्या प्लॉटला वेगवेगळी देता येत नाही, म्हणून ती मोठ्या मेन प्लॉटला अन् जाती-खतं आत सब प्लॉटला. दोन वेळा चिठ्ठ्या टाकल्या म्हणून एररही दोन. ज्या गोष्टीचा बारीक फरक पाहायचा आहे ती सब प्लॉटमधे ठेवा, तिथली तुलना सहसा जास्त नेमकी येते.

रावेला गावात गेल्यावर

फायनल इयरला रावेसाठी (गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचा कोर्स) गावात राहायला जाता तेव्हा शेतकऱ्यांच्या वावरात साधी ट्रायल टाकायची संधी मिळते, अन् ती डेमोच्या फोटोवर संपवू नका. इथं एक शेतकरी म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येकाच्या वावरात दोन शेजारशेजारचे सारखे तुकडे, एकात त्याची नेहमीची पद्धत, दुसऱ्यात नवीन, अन् कोणत्या तुकड्यात काय हे नाणं उडवून ठरवायचं. हे नाणं उडवताना शेतकरी काकांना समोर उभं करा, कारण ते प्रेमापोटी म्हणणारच, "नवीन तं चांगल्या तुकड्यातच टाक ना बापू," अन् तिथंच सगळं बिघडते. नीट समजावून सांगितलं तर ते ऐकतात, रँडम कशाला हे त्यांना पीक कापणीवरून लगेच पटते.

आठ शेतकरी मिळाले तर आठ फरक मिळतील, नवीनचं उत्पन्न वजा जुन्याचं. त्या आठ फरकांची सरासरी काढा, त्यांचा स्टँडर्ड एरर (सरासरी किती डगमगू शकते त्याचं माप) काढा, सरासरीला त्यानं भागा, अन् ७ डिग्रीच्या टी व्हॅल्यूशी म्हणजे २.३६५ शी ताडून पाहा. कोणाचं वावर बरड, कोणाचं भारी, कोणी डवरणी दोनदा केली कोणी तीनदा, हे सगळं दोन्ही तुकड्यांना सारखं लागू असल्यानं वजाबाकीत निघून जाते. याला पेअर्ड टी टेस्ट म्हणतात, अन् दोनच ट्रीटमेंटची आरबीडी सोडवली तरी उत्तर तेच येते, करून पाहा.

निकाल सांगायला परत त्या गावात जा, अन् सिग्निफिकंट, ॲट पार असे शब्द कॉलेजातच ठेवून जा. वरच्या उदाहरणातली सीडी ०.२७ किलो होती, नेट प्लॉट १८ चौरस मीटरचा, म्हणजे हेक्टरी दीडशे किलो, एकरी साधारण साठ किलो. काहीच न दिलेल्या प्लॉटला एकरी सव्वापाच क्विंटलच्या आत, दोन्ही खतं दिलेल्याला सातच्या जवळ. काका विचारतील, "वाढले ते कबूल, पण शेणखताची ट्रॉली कितीले पडली?" त्या खर्चाचा हिशोब प्रत्येक ट्रीटमेंटसमोर आधीच मांडून न्या, मजुरीसकट, अन् उत्पन्नाची किंमत त्या आठवड्यात तालुक्याच्या मार्केटात जो भाव होता त्यावरून काढा.